चार उन्हाळे, चार अजिंक्यपदं

न्यूयॉर्क आणि बॉस्टन यांच्या मध्ये कनेटिकट नावाचं लहानसं राज्य आहे. विसाव्या शतकात बराच काळ ते कारखान्यांवर जगलं. वॉटरबरी हे पितळेच्या वस्तूंचं गाव, मेरिडन चांदीच्या भांड्यांचं आणि समुद्रकाठचं स्ट्रॅटफर्ड हेलिकॉप्टरचं नि मोटारींच्या ब्रेकचं. वॉटरबरीत जन्मलेली एक मुलगी स्ट्रॅटफर्डच्या मैदानावर घडली आणि वयाच्या पस्तिशीत मेरिडनला स्वतःचा व्यावसायिक संघ घेऊन आली. मुलीचं नाव जोन जॉयस, संघाचं नाव कनेटिकट फाल्कन्स.

हा संघ महिलांच्या ज्या व्यावसायिक सॉफ्टबॉल लीगमध्ये खेळला, ती १९७६ ते १९७९ असे चारच हंगाम चालली. चारही हंगामांचं अजिंक्यपद फाल्कन्सनेच मिळवलं. १९८० चा उन्हाळा आला तेव्हा लीग नव्हती आणि संघही नव्हता. अशा गोष्टींचा निकाल आपण एका ओळीत लावून टाकतो: प्रेक्षक आले नाहीत, पैसा संपला, खेळ बंद पडला. पैसा संपला हे खरंच. पण त्याच राज्यात, त्याच सुमारास, ही लीग काढणाऱ्यांपैकीच एकाने उभ्या केलेल्या पुरुषांच्या लीगचाही पैसा संपत आला होता, आणि तिचा शेवट फार वेगळा झाला. ते पाहिल्यावर हा एका ओळीचा निकाल मला पटेनासा होतो.

आधी खेळाविषयी थोडं. जळगाव, अमरावती, नागपूरकडच्या अनेकांनी शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळलेला असतो, त्यांना हे सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की नावात ‘सॉफ्ट’ असलं तरी चेंडू मऊ नसतो. तो बेसबॉलपेक्षा मोठा असतो, पिचर तो हात खांद्यावरून न आणता कमरेखालून फेकते आणि सामना सात इनिंगचा असतो. त्या काळी महिलांच्या सामन्यात पिचर आणि बॅटर यांच्यात ४० फूट अंतर असे, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. बेसबॉलमध्ये हेच अंतर साडेसाठ फूट. सॉफ्टबॉलच्या पिचरने ताशी १०५ किलोमीटरने चेंडू फेकला, तर बॅटरला विचार करायला जेवढा वेळ मिळतो, तेवढाच वेळ बेसबॉलमध्ये ताशी सुमारे १५९ किलोमीटरच्या चेंडूला मिळतो. शिवाय चेंडू खालून येतो आणि पुष्कळदा वर चढतो. आयुष्यभर वरून येणारा चेंडू खेळलेल्या फलंदाजाला तो दिसेपर्यंत कॅचरच्या हातात गेलेला असतो.

हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. १९६१ च्या उन्हाळ्यात वॉटरबरीच्या स्टेडियममध्ये कर्करोगग्रस्त मुलांच्या मदतनिधीसाठी एक प्रदर्शनी कार्यक्रम झाला. एका बाजूला बेसबॉलचा फलंदाज टेड विल्यम्स. १९४१ साली त्याने .४०६ ची सरासरी गाठली होती, आणि अमेरिकन आणि नॅशनल या दोन मुख्य लीगमध्ये त्यानंतर आजवर कुणालाही .४०० गाठता आलेली नाही. तो नुकताच, १९६० साली, निवृत्त झाला होता. दुसऱ्या बाजूला गावातलीच, विशीच्या उंबरठ्यावरची जोन जॉयस. हजारो गावकरी आपल्या मुलीला बघायला जमले होते. विल्यम्सच्या बॅटची कड एकदोनदा चेंडूला लागली, बाकीचे चेंडू तसेच निघून गेले, आणि शेवटी बॅट टाकून तो बाजूला झाला. पुढे १९७८ मध्ये हँक एरनलाही तिने असंच बाद केलं. बेसबॉलचे दोन सर्वश्रेष्ठ फलंदाज एकाच स्त्रीच्या हातून चकले, या गोष्टीला अमेरिकेत अजून दंतकथेचं मोल आहे. पण दंतकथेने पोट भरत नाही. १९६१ साली जोनसारख्या खेळाडूला खेळातून पगार मिळण्याची सोयच नव्हती.

सोय होती ती कारखान्याच्या आश्रयाची. स्ट्रॅटफर्डमध्ये ‘रेबेस्टॉस’ ही ब्रेकचे अस्तर बनवणारी कंपनी होती. १९४७ साली तिने महिलांचा सॉफ्टबॉल संघ सुरू केला, आणि मालाच्या नावावरून त्याला ‘रेबेस्टॉस ब्रेकेट्स’ म्हणू लागले. आपल्याकडे एके काळी मुंबईच्या गिरण्यांचे आणि कंपन्यांचे कबड्डी-खोखोचे संघ असत, तशातलाच हा प्रकार. कंपनी मैदान देई, दिवे लावी, गणवेश आणि प्रवासखर्च देई. खेळाडू हौशीच राहत. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव, सुट्टीच्या दिवशी सामने.

जोन १९४० सालची. वडील सॉफ्टबॉल खेळत, म्हणून ती आणि तिचा भाऊ त्यांच्या मागे मैदानावर जात. कळू लागल्यापासून हातात चेंडूच होता. तेराचौदाव्या वर्षी ती ब्रेकेट्समध्ये आली. पुढे संघात बर्था टिकी नावाची थोर पिचर आली, आणि ती असताना दुसऱ्या कुणाला चेंडू मिळणं अवघड. १९५८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत, स्ट्रॅटफर्डच्याच मैदानावर, टिकी जखमी झाली आणि अठरा वर्षांच्या जोनला अंतिम सामन्यात उतरवलं गेलं. प्रतिस्पर्ध्यांना तिने एकही फटका वसूल करू दिला नाही. सॉफ्टबॉलमध्ये याला ‘नो-हिटर’ म्हणतात. पिचरच्या आयुष्यात तो एकदा घडला तरी लोक लक्षात ठेवतात. जोनच्या साऱ्या कारकिर्दीत अशा सामन्यांची संख्या दीडशेपर्यंत गेली. तिच्या नावावर ७५३ विजय आहेत आणि पराजय फक्त ४२.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा पाहतो. कुठल्याही खेळात, कुठल्याही काळात, स्त्री असो वा पुरुष, इतकं एकहाती वर्चस्व गाजवणारी माणसं फार थोडी निघतील. बरं, ती फक्त सॉफ्टबॉल खेळत होती असंही नाही. बास्केटबॉलमध्ये ती राष्ट्रीय दर्जाची खेळाडू होती, व्हॉलीबॉल खेळली, आणि पुढे गोल्फमध्येही तिने नाव काढलं. कॉलेजसाठी कॅलिफोर्नियाला गेली तेव्हा १९६४ ते १९६६ अशी तीन वर्षं तिकडच्या ‘ऑरेंज लायनेट्स’ या संघाकडून खेळली. हा संघ पुढे आपल्याला पुन्हा भेटेल.

१९७४ च्या ऑगस्टमध्ये महिला सॉफ्टबॉलची जागतिक स्पर्धा स्ट्रॅटफर्डला झाली. आधीच्या दोन जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियाने आणि जपानने जिंकल्या होत्या. या वेळी अमेरिकेच्या वतीने ब्रेकेट्स उतरल्या आणि अमेरिकेला पहिलं जगज्जेतेपद मिळालं. कारखान्याच्या मैदानावर, कारखान्याच्या संघाने मिळवलेलं.

त्या मैदानाची पुढची हकिकत इथेच सांगून टाकतो. रेबेस्टॉसचा सारा धंदा ॲस्बेस्टॉसवर उभा होता. ॲस्बेस्टॉस, शिसं आणि इतर विषारी द्रव्यांनी भरलेला कारखान्याचा कचरा स्ट्रॅटफर्डमध्ये ठिकठिकाणी भराव म्हणून वापरला गेला होता, आणि त्यात हे मैदानही होतं. ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांखाली कंपनी बुडाली, १९८९ मध्ये कारखाना बंद झाला, आणि तिथली जमीन साफ करण्याचं काम केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याला हाती घ्यावं लागलं. ब्रेकेट्स मात्र दुसऱ्यांच्या आधाराने टिकल्या. कारखान्याचा आश्रय किती मोठा आणि किती कच्चा असतो, हे समजून घ्यायला एवढं पुरे.

आता १९७० च्या दशकाकडे येऊ. १९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेद करायला त्याने मनाई केली, आणि त्या तडाख्यात शाळा-कॉलेजांच्या खेळांचे दरवाजे मुलींना उघडावे लागले. पुढच्या वर्षी, २० सप्टेंबर १९७३ ला, ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये टेनिसपटू बिली जीन किंगने बॉबी रिग्ज या पुरुष खेळाडूला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. जगभर कोट्यवधी लोकांनी तो सामना टीव्हीवर पाहिला. महिलांचा खेळ बघायला लोक येतात, तिकीट काढतात, टीव्हीसमोर बसतात, याचा एवढा मोठा पुरावा त्याआधी कुणाच्या हाती नव्हता.

बिली जीनचं टेनिस साऱ्यांना माहीत आहे. पण लाँग बीचला लहानपणी ती सॉफ्टबॉल खेळत असे, आणि तिचा धाकटा भाऊ रँडी मॉफिट सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून मेजर लीग बेसबॉल खेळत होता. भाऊ बेसबॉल खेळून पगार घेतो आणि बहिणीला तो दरवाजाच नाही, हे तिने घरातच पाहिलेलं होतं. १९७४ साली तिने महिलांच्या खेळांसाठी एक प्रतिष्ठान स्थापन केलं. त्यानंतर जोन जॉयस आणि डेनिस मर्फी यांना घेऊन महिलांच्या व्यावसायिक सॉफ्टबॉल लीगचा घाट घातला.

मर्फी हा या गोष्टीतला तिसरा माणूस आणि फार महत्त्वाचा. नव्या लीग काढणं हाच त्याचा धंदा. १९६७ ची अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन, १९७२ ची वर्ल्ड हॉकी असोसिएशन, १९७४ ची वर्ल्ड टीम टेनिस, या तिन्हींच्या स्थापनेत त्याचा हात होता. प्रस्थापित लीगच्या शेजारी दुसरी लीग उभी करायची, शहरोशहरी मालक शोधायचे, आणि काही वर्षं तोटा सोसत तग धरायचा, ही त्याची रीत.

१९७६ च्या उन्हाळ्यात दहा संघ मैदानात उतरले. पूर्वेकडे कनेटिकट, बफेलो, शिकागो, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया, पश्चिमेकडे फीनिक्स आणि कॅलिफोर्नियाचे चार. त्या चारांत सँटा ॲना लायनेट्स हा संघ होता. जोन जिथे कॉलेजच्या दिवसांत खेळली, त्या ऑरेंज लायनेट्सच आता नाव बदलून व्यावसायिक झाल्या होत्या. कनेटिकटचा संघ जोन आणि बिली जीन यांच्या भागीदारीतला. जोन मालकीत भागीदार होती आणि तीच पहिली पिचर. संघाची सूत्रं ब्रेंडा राइली या जुन्या खेळाडूच्या हाती होती. ब्रेकेट्समधल्या काही जणी जोनबरोबर आल्या. मेरिडनचं फाल्कन फील्ड हे घरचं मैदान ठरलं.

येताना त्या काय सोडून आल्या तेही लक्षात घ्यायला हवं. हौशी खेळाचे नियम तेव्हा कडक होते. एकदा पैसे घेऊन खेळलात की हौशी राष्ट्रीय स्पर्धा आणि जागतिक स्पर्धा संपल्या. जगज्जेतेपद मिळवून दोन वर्षंही झाली नव्हती. ब्रेकेट्स त्यांच्याशिवायही जिंकत राहिल्या. १९७१ पासून १९७८ पर्यंत सलग आठ वर्षं राष्ट्रीय अजिंक्यपद ब्रेकेट्सकडेच होतं, आणि १९७८ चं जगज्जेतेपदही अमेरिकेलाच मिळालं. जोन आणि तिच्या सहकाऱ्यांना हे सगळं बाहेरून पाहावं लागलं.

मिळालं काय? सुरुवातीला एका हंगामाचे १,००० ते ३,००० डॉलर. पहिल्या हंगामात प्रत्येक संघाला १२० सामने खेळायचे होते, तेही एका दिवशी दोन या हिशेबाने साठ जोडसामन्यांत. म्हणजे सामन्यामागे साधारण ८ ते २५ डॉलर. अमेरिकेत त्या वर्षी कायद्याने ठरलेलं किमान वेतन तासाला २ डॉलर ३० सेंट होतं. सर्वांत कमी पगाराची खेळाडू एका दिवशी दोन सामने खेळून जेवढं कमावत असे, त्यापेक्षा आठ तास झाडू मारणाऱ्या कामगाराची मजुरी जास्त होती. त्याच १९७६ साली मेजर लीग बेसबॉलमधला सरासरी पगार ५० हजार डॉलरच्या वर गेला होता, आणि वर्षअखेरीस रेगी जॅक्सनने न्यूयॉर्क यँकीजशी पाच वर्षांचा जवळपास तीस लाख डॉलरचा करार केला.

पुरुषांशी तुलना नको असेल तर स्त्रियांशीच करू. दुसऱ्या महायुद्धात बेसबॉलपटू सैन्यात गेले तेव्हा, १९४३ साली, शिकागोच्या फिलिप रिगलीने मुलींची व्यावसायिक लीग काढली होती. सुरुवातीला तिचा खेळ सॉफ्टबॉलच्याच जवळचा होता. त्या मुलींना आठवड्याला ४५ ते ८५ डॉलर मिळत. १९४३ ते १९७६ या काळात अमेरिकेतल्या किमती तिपटीहून जास्त वाढल्या. युद्धकाळातल्या त्या मुलींची कमाई फाल्कन्सच्या जगज्जेत्या खेळाडूंपेक्षा चांगली होती, असं हा हिशेब सांगतो. ती लीग १९५४ मध्ये संपली आणि मधल्या दोन दशकांत स्त्रियांच्या खेळाची किंमत खाली आली. प्रगती आपोआप पुढेच जाते असं मानणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

मैदानावर फाल्कन्सना तोड नव्हती. पहिल्या वर्षी अंतिम मालिकेत सॅन होजेच्या संघाला हरवून त्यांनी अजिंक्यपद घेतलं, आणि मग ते दुसऱ्या कुणाकडे गेलंच नाही. एकच संघ दरवर्षी जिंकतो म्हणून लीगमधली चुरस कमी झाली असेल का? झाली असेल. पण जोनने मुद्दाम कमी चांगलं खेळावं अशी अपेक्षा कुणी करू नये. लीगचं काम बाकीच्या संघांना त्या उंचीवर आणण्याचं होतं, आणि त्याला वेळ लागतो. खेळाडू तयार करणारी कॉलेजं तेव्हा कुठे टायटल नाइनच्या रेट्याने मुलींचे संघ उभे करू लागली होती. स्ट्रॅटफर्ड आणि ऑरेंजसारखी दोनचार जुनी ठिकाणं सोडली तर देशात या दर्जाचा खेळ शिकायला जागाच नव्हती.

सगळ्यात मोठा घाव घातला तो प्रवासाने. कनेटिकटहून कॅलिफोर्निया सुमारे चार हजार किलोमीटर. मोसमभर संघाची ने-आण, मुक्काम, जेवणखाण. मर्फीच्या हॉकी आणि बास्केटबॉल लीगना मोठी बंदिस्त सभागृहं मिळत, टीव्हीचे थोडेफार पैसे मिळत. सॉफ्टबॉलला यातलं काही नव्हतं. बेसबॉलची मैदानं या खेळाला फार मोठी पडतात. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमध्ये ६० फूटच अंतर असतं आणि कुंपण जवळ लागतं. म्हणून मग मिळेल ते मैदान पत्करायचं, प्रेक्षकांना बसायला पुरेशी जागा असो वा नसो. वर्तमानपत्रांनी आतल्या पानावर चार ओळी दिल्या तर दिल्या. पहिल्या हंगामानंतर संघ गळू लागले. काही शहरांची नावं गेली, सेंट लुइस, न्यूयॉर्क अशी नवी आली, पण दहाचा आकडा टिकला नाही. १९७९ मध्ये इंधनाचे भाव पुन्हा भडकले. विमानाने आणि बसने देशभर फिरणाऱ्या, तुटपुंज्या पैशावर चालणाऱ्या लीगला याहून वाईट वर्ष मिळालं नसतं.

तरीही त्याच वर्षी फाल्कन्सच्या वाट्याला एक मोठी गोष्ट आली. अमेरिका आणि चीन यांचे राजनैतिक संबंध १ जानेवारी १९७९ ला सुरू झाले, आणि त्याच वर्षी फाल्कन्स चीनच्या दौऱ्यावर गेल्या. आठ वर्षांपूर्वी टेबल टेनिसपटूंनी हा दरवाजा किलकिला केला होता. आता मेरिडनसारख्या गावच्या सॉफ्टबॉल खेळाडू त्यातून आत गेल्या. घरी ज्यांना वर्तमानपत्रात जागा मिळत नव्हती त्या तिथे अमेरिकेच्या प्रतिनिधी होत्या. चीनच्या महिलांनी पुढे या खेळात फार झपाट्याने मजल मारली. १९९६ मध्ये अटलांटाला सॉफ्टबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा सुवर्ण अमेरिकेला मिळालं आणि रौप्य चीनला. त्याचं श्रेय एका दौऱ्याला देता येणार नाही. पण वीसेक वर्षांत अंतिम सामन्यात समोर उभं राहणाऱ्या देशाला जोनची पिचिंग प्रत्यक्ष पाहायला मिळाली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता सुरुवातीला म्हटलेली दुसरी लीग. मेरिडनपासून तीसेक किलोमीटरवर हार्टफर्ड ही कनेटिकटची राजधानी. तिथला न्यू इंग्लंड व्हेलर्स हा आइस हॉकीचा संघ मर्फीच्या वर्ल्ड हॉकी असोसिएशनमध्ये खेळत होता. या लीगची अवस्थाही बिकट होती. संघ बुडत होते, एका गावातून दुसऱ्या गावात जात होते. सात वर्षं तोटा सोसून १९७९ मध्ये ती बंद पडली. पण बंद पडताना तिचे चार संघ नॅशनल हॉकी लीगने, म्हणजे मुख्य लीगने, आपल्यात घेतले. व्हेलर्स त्या चारांपैकी एक. नाव बदलून हार्टफर्ड व्हेलर्स झालं आणि संघ पुढे १९९७ पर्यंत त्या शहरात खेळला. मर्फीच्या बास्केटबॉल लीगचंही असंच. नऊ वर्षं धडपडून १९७६ मध्ये ती संपली, पण तिचे चार संघ एनबीएमध्ये गेले आणि आजही खेळतात.

म्हणजे १९७९ साली कनेटिकट राज्यात, मर्फीच्या हातून उभ्या राहिलेल्या दोन लीगचे दोन संघ अडचणीत होते. त्यातल्या पुरुषांच्या संघाला सामावून घ्यायला वर एक मोठी लीग तयार होती. फाल्कन्सना कोण घेणार? वर कुणी नव्हतंच. चार अजिंक्यपदं हातात असलेल्या संघाला जायला जागा नव्हती. मर्फीची रीत पुरुषांच्या खेळात चालली, कारण तोटा सोसण्याला शेवट होता आणि त्या शेवटी विलीनीकरणाचं बक्षीस होतं. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये त्याच रीतीने चालणाऱ्यांसमोर नुसता तोटा होता. मालकांनी चार वर्षांत हात वर केले. पुरुषांच्या लीगना लोकांनी सात-नऊ वर्षं दिली, कारण ती रक्कम कधीतरी परत येईल असं त्यांना दिसत होतं. फाल्कन्सचा खेळ कमी पडला असं म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

१९८० च्या हंगामाआधी लीग विसर्जित झाली. त्याच काळात सुरू झालेली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीगही १९७८ ते १९८१ अशी तीनच वर्षं जगली. सॉफ्टबॉलला पुढचा प्रयत्न पाहायला १९९७ उजाडावं लागलं. ती लीग २००१ मध्ये थांबली, २००४ मध्ये नव्या नावाने उभी राहिली आणि २०२१ पर्यंत कशीबशी टिकली. मग २०२५ मध्ये ‘ॲथलीट्स अनलिमिटेड’ने चार संघांची नवी सॉफ्टबॉल लीग सुरू केली, आणि तिच्यात मेजर लीग बेसबॉलने स्वतःचे पैसे घातले. पहिल्या हंगामात त्या लीगने संघांना गावंच दिली नाहीत. सगळे मिळून एका शहरातून दुसऱ्या शहरात गेले, तिथे सामने खेळले आणि पुढे निघाले. जुन्या लीगला ज्या प्रवासखर्चाने मारलं, त्यावरचा हा उपाय मला शहाणपणाचा वाटतो.

फाल्कन्सची लीग संपली तरी त्या पिढीतल्या खेळाडू खेळातच राहिल्या, कारण टायटल नाइनमुळे कॉलेजांना महिला प्रशिक्षकांची गरज पडू लागली होती. स्ट्रॅटफर्डच्या मैदानावरून किती जणी बाहेर पडल्या हे पाहिलं की छाती भरून येते. ब्रेकेट्सची शॅरन बॅकस १९७५ मध्येच लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेली होती, आणि १९८२ चं, एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेचं पहिलं सॉफ्टबॉल अजिंक्यपद तिच्याच संघाने मिळवलं. ब्रेकेट्सचीच डोना लोपियानो टेक्सास विद्यापीठाच्या महिला क्रीडा विभागाची प्रमुख झाली. लहानपणी केवळ मुलगी म्हणून तिला गावच्या बेसबॉल संघातून बाहेर काढलं गेलं होतं. ज्या मैदानांवर या खेळाडूंना स्वतःला चार पैसे मिळाले नाहीत, तिथून शिष्यवृत्त्या वाटणाऱ्या आणि संघ घडवणाऱ्या बायका निघाल्या. आज अमेरिकेत कॉलेज सॉफ्टबॉलचे अंतिम सामने टीव्हीवर लाखो लोक पाहतात. ते बांधकाम यांच्या हातचं आहे.

जोनने तोवर दुसराही खेळ धरला होता. फाल्कन्स चालू असतानाच, १९७७ मध्ये, ती महिलांच्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्यात दाखल झाली. वयाच्या पस्तिशीनंतर नवा खेळ व्यावसायिक पातळीवर खेळणं ही साधी गोष्ट नाही, आणि तेही एका संघाची भागीदार आणि पिचर असताना. सॉफ्टबॉलमध्ये पोट भरलं असतं तर ती गोल्फकडे इतकी वळली असती का, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. गोल्फमध्ये तिला एकही मोठी स्पर्धा जिंकता आली नाही, पण १९८२ मध्ये एका फेरीत अठरा भोकांसाठी अवघे १७ ‘पट’, म्हणजे भोकाजवळच्या हिरवळीवरचे हलके फटके, घेऊन तिने विक्रम केला.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाने सॉफ्टबॉलचा संघ सुरू करायचं ठरवलं आणि त्यासाठी जोनला बोलावलं. तिथे आधी काहीच नव्हतं. १९९५ मध्ये पहिला संघ मैदानात उतरला आणि त्यानंतर २०२२ पर्यंत मुख्य प्रशिक्षक तीच राहिली. मधली काही वर्षं तिने त्याच विद्यापीठाचा गोल्फ संघही सांभाळला. तिच्या हाताखाली आलेल्या मुलींपैकी बहुतेकींचा जन्म फाल्कन्स बंद पडल्यावर झालेला. शिष्यवृत्ती, प्रवासखर्च, दिव्यांचं मैदान आणि पगारी प्रशिक्षक, हे सगळं त्यांना हक्काने मिळत होतं. २०२२ च्या मार्च महिन्यात जोनने प्रशिक्षक म्हणून हजारावा विजय मिळवला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला, वयाच्या ८१ व्या वर्षी, ती वारली. तेव्हाही ती पदावर होती आणि हंगाम चालू होता. तिच्या खात्यावर १,००२ विजय आहेत.